जुन्या डेस्कटॉपवर गेमिंग: पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडायचा

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते स्पष्ट राहील. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप हाती आलाय. त्यात इंटेलचा आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरची जोडण्या सांभाळणारी चिप) मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क, कुणीतरी नंतर बसवलेलं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड आणि ३०० वॅटच्या आसपासचा कंपनीचाच एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आहे. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा. नवे गेम अडखळतात, बजेट बेताचं आहे, आणि तुम्ही विचारताय की यात कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकू.

कार्डाकडे येतोच, पण सुरुवात तिथून नको. अशा मशीनवर होणारा खर्च दोन प्रकारचा असतो. एसएसडी, चांगला एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर उद्या मदरबोर्ड बदलला तरी उचलून नव्या मशीनमध्ये नेता येतात. डीडीआर३ रॅम आणि एलजीए ११५० सॉकेटचा प्रोसेसर मात्र या बोर्डासोबतच संपतो. पुढे जाणाऱ्या वस्तू जरा बऱ्या घ्या. इथेच संपणाऱ्या वस्तू घ्यायच्याच झाल्या तर वापरलेल्या आणि स्वस्तात मिळाल्या तरच घ्या. हा नियम सोडून लोक डीडीआर३चा नवाकोरा महाग किट घेतात आणि वर्षभरात बोर्ड बदलायची वेळ आली की तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

खरेदीच्या आधी मोजमाप करा. एमएसआय आफ्टरबर्नर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरने गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, रॅम, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), तापमान आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ) दिसेल असं लावा. जो गेम त्रास देतो तोच पंधरा-वीस मिनिटं खेळा. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाची. तो ६०-७० वर रेंगाळत असेल आणि एखाददुसरा कोअर १०० ला टेकला असेल तर अडचण प्रोसेसरची. इथे बरेच जण फसतात, कारण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर पाहिला जातो. चार कोअरच्या प्रोसेसरवर एकच कोअर पूर्ण भरला तर एकूण आकडा २५ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जेमतेम दोन-चार वाढल्या तर प्रोसेसर.

पण तुमच्या वर्णनावरून मला तिसरंच काहीतरी दिसतंय. तुम्ही लिहिलंय की एका जागी उभं राहिलं तर गेम बरा चालतो, गाडीने शहरात वेगात शिरलं की प्रत्येक वळणावर झटका बसतो. तेव्हा डिस्कचा दिवा अखंड पेटलेला असेल, रॅम साडेसात जीबीच्या पुढे गेलेली असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसेल. गेम नव्या गल्लीतल्या इमारतींची टेक्स्चर्स मागतोय आणि त्याच वेळी विंडोज रॅम पुरत नाही म्हणून त्याच डिस्कवर पेजफाइल, म्हणजे रॅममध्ये न मावणारा माल, लिहितंय. हार्ड डिस्कच्या हेडला एका जागेवरून दुसरीकडे जायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. दोन-चार फेऱ्या झाल्या की फ्रेम हुकलीच. सरासरी ५० एफपीएस दाखवत असलं तरी हातात गेम अडखळताना जाणवतो, तो यामुळे. हे दुखणं कितीही महागडं कार्ड टाकून जाणार नाही.

म्हणून पहिली खरेदी एसएसडी. साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या. तुमच्या बोर्डावर एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट बहुधा नसेलच. पीसीआय एक्सप्रेसच्या अडॅप्टरवर एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) बसवली तरी त्या पिढीच्या बायोसमधून (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तिच्यावरून बूट होणं ही बायोसमध्ये बदल करण्याची उठाठेव आहे, त्यात पडू नका. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी, पण इथे कामाला येतो तो शोधाचा वेळ, आणि तो हार्ड डिस्कच्या तुलनेत शंभरेक पटींनी कमी असतो. ‘स्टारफील्ड’ने २०२३ मध्ये आपल्या किमान गरजांतच एसएसडी लिहून टाकली, ‘सायबरपंक २०७७’ने २.० अपडेटच्या वेळी तेच केलं. एक बारीक गोष्ट: एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, उरलेले दोन ३ गिगाबिटचे. बोर्डावर छापलेलं बघून एसएसडी वेगवान पोर्टला लावा, हार्ड डिस्क दुसऱ्यात गेली तरी तिला फरक पडत नाही.

दुसरी खरेदी रॅमची आणखी एक ८ जीबी स्टिक, वापरलेली. एच८१ वर दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबी ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे निवड करायला फारसं काही नाही. दुसरी स्टिक लागली की ड्युअल चॅनेल सुरू होतं आणि १६०० च्या डीडीआर३ साठी मेमरीचा रस्ता सेकंदाला १२.८ जीबीवरून २५.६ जीबी होतो. प्रोसेसर अडत असलेल्या गेममध्ये याचा फायदा किमान फ्रेमवर दिसतो. घेताना दोन गोष्टींपासून सावध. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम फार स्वस्त मिळते, ती तुमच्या बोर्डावर चालणार नाही. आणि नाव नसलेल्या काही नव्या स्टिकवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ती चेष्टा नाही, त्यांची चिप-रचना इंटेलच्या बोर्डाला खरंच ओळखता येत नाही.

हे दोन्ही करताना कॅबिनेट उघडणारच आहात, तर प्रोसेसरचा कूलर काढून साफ करा आणि थर्मल पेस्ट नवी लावा. इतक्या जुन्या मशीनमधली पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. त्या पिढीचे इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात, एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर ‘यस’ दिसतं ते हेच. कूलरला इंटेलच्या चार पुश-पिन असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिन जोडीने दाबा आणि मग बोर्डाच्या मागच्या बाजूने बघा: चारही पांढरे पाय आरपार येऊन त्यांच्यात काळी दांडी उतरलेली दिसली पाहिजे. एक पिन अर्धवट राहिली तर वरून सगळं ठाकठीक दिसतं आणि तापमान मात्र वीस अंशांनी चढतं.

आता एसएमपीएस, कारण कार्ड कोणतं ते बरंचसं यावर ठरतं. ऑफिसच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये अनेकदा मदरबोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसतो. कुठे ८ पिनचा, कुठे ६ पिनचा, त्या कंपनीचा स्वतःचा. तिथे साधा एटीएक्स एसएमपीएस थेट बसत नाही, अडॅप्टर केबल लागते, आणि कधी कधी बॉक्सचा आकारही जुळत नाही. काही विकत घेण्याआधी हे उघडून बघा. लेबलवर ३०० वॅट लिहिलंय याला फारसा अर्थ नाही, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघा. १२ व्होल्टवर २५ अँपिअर म्हणजे ३०० वॅट खरे. काही जुन्या एसएमपीएसमध्ये एकूण आकडा मोठा आणि १२ व्होल्टवर मात्र जेमतेम १६-१७ अँपिअर असतात. ८० प्लसचा शिक्का विजेची बचत किती ते सांगतो, आतला माल किती चांगला ते नाही. हो, साटाच्या वायरीतून कार्डाचा ६ पिन काढून देणारी केबल कुणी देऊ केली तर हात जोडा. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. वितळलेले कनेक्टर मी पाहिलेत, त्यांचा वास खोलीतून लवकर जात नाही.

आता कार्ड. तुमच्या बाबतीत एक गोष्ट आहे जी कार्डांच्या बहुतेक तुलनांत सापडणार नाही, कारण त्या तुलना नव्या मशीनवर केलेल्या असतात. एच८१ चिपसेटच्या बोर्डावर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा असतो. प्रोसेसर ३.० देऊ शकतो, पण या स्वस्त चिपसेटवर तो २.० लाच बांधलेला आहे. २.० मध्ये एका लेनमधून (स्लॉट आणि कार्ड यांच्यातली डेटाची वाट) सेकंदाला ५०० एमबी जातात. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटची, पण आत त्यांना चारच लेन जोडलेल्या आहेत. ४.० च्या बोर्डावर त्यांना सेकंदाला जवळपास ८ जीबीचा रस्ता मिळतो, तुमच्याकडे २ जीबीचा. वर दोघांकडेही व्हीरॅम बहुधा ४ जीबीच. ती भरली की जास्तीचा माल याच अरुंद रस्त्याने ये-जा करणार, आणि तुमचे झटके परत येणार. त्यामुळे ही दोन कार्डं, कितीही स्वस्त वाटली तरी, या बोर्डासाठी नकोत. इंटेलची आर्क कार्डंही सोडा. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, ते नसेल तर कामगिरी बरीच घसरते, आणि तुमच्या पिढीच्या बोर्डावर ते अधिकृतपणे नाही.

एसएमपीएस बदलणं शक्य नसेल तर स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड हवं, म्हणजे ७५ वॅटच्या आतलं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटचं आहे आणि त्याला वेगळा कनेक्टर लागत नाही. नावाला फसू नका, ३०५० चं ८ जीबीवालं कार्ड १३० वॅटचं आहे आणि त्याच्यात कोअरही जास्त आहेत. दोन वेगळ्या वस्तू एका नावाने विकल्या जातात. जीटीएक्स १६५० हा दुसरा पर्याय. तेही मुळात ७५ वॅटचं, पण त्याच्या अनेक मॉडेलना कंपन्यांनी ६ पिन जोडलाय, तेव्हा बघून घ्या. मी मात्र आता ते फक्त फारच स्वस्त मिळालं तर सुचवेन. २०२४ च्या डिसेंबरात आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे खास भाग) नसलेल्या कार्डावर चालतच नाही, २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ही तसाच. सेटिंग कमी करून भागण्यातला हा प्रकार नाही. असे गेम वाढतच जाणार.

एसएमपीएस बदलता येत असेल तर माझं मत सरळ आहे: वापरलेलं आरएक्स ६६०० घ्या. ८ जीबी व्हीरॅम, १३२ वॅट, एकच ८ पिन, आणि रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आत आहे. त्याला लेन आठच आहेत, म्हणजे तुमच्या स्लॉटवर सेकंदाला ४ जीबी. थोडं नुकसान होईल, पण व्हीरॅम पुरेशी असल्याने त्या रस्त्याची गरज कमी पडते. ‘आय५-४५९० वर एवढं कार्ड म्हणजे वाया, बॉटलनेक होणार’, म्हणजे प्रोसेसर कार्डाला अडवणार, असं तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. होईल. पण ते कार्ड उद्या नव्या बोर्डावर जाणार आहे, आणि आजही १०८०पी मध्ये सेटिंग वाढवून त्याला काम देता येतं. बॉटलनेकचा टक्का सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरांकडे दुर्लक्ष करा. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका गेममध्ये एका बाजूने अडतं, दुसऱ्यात दुसऱ्या. एकच आकडा काढणं मुळातच निरर्थक आहे.

जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८० सारखी जुनी कार्डं अजून खूप फिरतात. १०६० पास्कल पिढीचं आहे. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कलसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. तुमचं ७५० टीआय मॅक्सवेलच, म्हणजे त्याचीही तीच गत. ५८० घेताना ‘२०४८एसपी’ हा शेपूट लागलाय का बघा. तो प्रकार नावाने ५८० आणि चिपने ५७० च आहे.

वापरलेलं कार्ड विकणाऱ्याच्या समोर चालवून बघा. जीपीयू-झेड उघडून चिपचं नाव आणि मेमरी ताडून पाहा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून नव्या नावाने विकण्याचा धंदा चालतो आणि हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा तसं कार्ड ओळखून बनावट असल्याचं स्पष्ट लिहितं. मग अर्धा तास जड बेंचमार्क लावा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चमकणारे त्रिकोण, मध्येच काळा पडदा, यातलं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून तपासा. क्रिप्टो मायनिंगमधलं कार्ड म्हणून लगेच नाकारू नका, त्यात चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड झिजतात, आणि ते बदलता येतात. तेवढं भावात धरून घासाघीस करा. कॅबिनेटमध्ये लांबी आणि जाडी मोजा, ऑफिसच्या बुटक्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचं कार्डच बसतं. आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डातून तो सिग्नल निघत नाही. पास्कलपासून अ‍ॅनालॉग बंद झालं, आतमध्ये चिप असलेला अडॅप्टर लागेल.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी. तुमच्या सॉकेटवर आय७-४७७० किंवा ४७९० बसतो: चार कोअर तेच, पण थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) चारचे आठ होतात. नवे गेम आणि मागे चालणारी डिस्कॉर्ड, ब्राउझर वगैरे मंडळी असताना याचा फरक किमान फ्रेमवर चांगला जाणवतो. एकेका थ्रेडचा वेग मात्र तेवढाच राहतो. ४५९० चा टर्बो ३.७ गिगाहर्ट्झ, ४७९० चा ४.०, यात उडी अशी नाही. झिऑन ई३-१२३१ व्ही३ हा त्याच सॉकेटवरचा आठ थ्रेडचा स्वस्त भाऊ, पण त्याच्यात अंगभूत ग्राफिक्स नाही आणि ऑफिसच्या ब्रँडेड बोर्डांचा बायोस त्याला घेईलच असं नाही. बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी बघितल्याशिवाय घेऊ नका. के अक्षरवाल्या महाग मॉडेलच्या मागे लागू नका, एच८१ आणि असा एसएमपीएस हे ओव्हरक्लॉकिंगचं (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचं) घर नव्हे. मोजमापात प्रोसेसर अडताना दिसला आणि चिप अगदी स्वस्तात मिळाली, तरच हा खर्च करा. नाहीतर ते पैसे पुढच्या बोर्डासाठी बाजूला ठेवा.

तो पुढचा बोर्ड कोणता, तर आजही बेताच्या बजेटमध्ये मी एएमडीच्या एएम४ सॉकेटकडेच बघेन. बी४५० किंवा बी५५० बोर्ड, रायझन ५ ५६००, १६ जीबी डीडीआर४, आणि तुमची एसएसडी, एसएमपीएस, आरएक्स ६६०० तशीच उचलून त्यात. ज्यांच्याकडे आधीच पहिल्या-दुसऱ्या पिढीचा रायझन आहे त्यांचं काम सोपं आहे. बायोस अपडेट करून बऱ्याच जुन्या बोर्डांवर ५००० मालिका थेट बसते, अगदी ए३२० वरही २०२२ पासून अनेक कंपन्यांनी ती सोय दिली.

विंडोजचा विषय टाळता येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. वळसा घालून ती बसते, पण गेमच्या अँटी-चीटला (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) वळसे चालत नाहीत. ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डाच्या सुरक्षा-सोयी मागतो. लिनक्सवर स्टीमच्या प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) एकट्याने खेळायचे बहुतेक गेम बरे चालतात, ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ मात्र नाहीत. तुमचा मुख्य गेम अशा ऑनलाइन स्पर्धेतला असेल तर वरचं सगळं सोडा, या बोर्डावर एसएसडीपलीकडे एक पैसाही घालू नका आणि थेट एएम४ वर जा.

सेटिंगबद्दल एवढंच: प्रोसेसर अडत असेल तेव्हा रिझोल्यूशन कमी करून किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारं तंत्र) लावून काही हाती लागत नाही, कारण त्यांनी कार्डाचा भार उतरतो. तेव्हा गर्दीची घनता, दूरवरचं दृश्य आणि सावल्यांचं अंतर कमी करा. टेक्स्चर व्हीरॅम पुरेल तेवढी वर ठेवा, प्रोसेसरवर त्यांचा बोजा जवळपास नसतो. आणि फ्रेम ४० ते ६० मध्ये हिंदकळत असतील तर रिव्हाट्यूनरने ३० वर बांधून बघा. आकडा लहान वाटेल, पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम बरोबर दोन रिफ्रेश टिकते आणि हाताला खेळ सरळ लागतो.

आधी एसएसडी आणि रॅम टाका आणि आठवडाभर त्याच गेममध्ये तेच मोजमाप घ्या. कार्डाचं नक्की सांगायला मला तीन गोष्टी लागतील: एसएमपीएसच्या लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर, मदरबोर्डाला जाणाऱ्या मोठ्या कनेक्टरच्या पिन किती, आणि कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या ड्राइव्हच्या खोक्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये.